मनाच्या जखमा आणि नवा चष्मा
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बँकेत जन्मभर आकडे मांडले, आज मात्र सैनिकांच्या मनाविषयी बोलणार आहे. आपल्या नाशिकला देवळालीचा तोफखाना आहे, भोसला मिलिटरी स्कूल आहे. इंदिरानगरातही निवृत्त जवानांची घरं आहेत. त्यांच्या अंगावरचे व्रण दिसतात, मनावरचे दिसत नाहीत.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, डॉ. चार्ल्स मायर्स यांनी या दुखण्याविषयी लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तेव्हा कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 'पीटीएसडी' हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला. झोपेत दचकून उठणं, फटाका वाजला की घाम फुटणं, गर्दी टाळणं, विनाकारण संताप, ही त्याची लक्षणं.

आता नवा उपचार. १९९७ च्या सुमारास अटलांटात व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठी संगणकावर रणभूमी उभी केली गेली. पुढे कॅलिफोर्नियात स्किप रिझो यांनी इराकमधून परतलेल्यांसाठी तशीच व्यवस्था केली. डोळ्यांवर हेडसेट, कानात हेलिकॉप्टरचा आवाज, खालून हादरे, नाकाला डिझेलचा वास! सैनिक घडलेला प्रसंग स्वतःच्या तोंडानं सांगतो आणि शेजारी बसलेला तज्ज्ञ त्याला झेपेल तेवढंच दृश्य दाखवतो. पुन्हा पुन्हा सांगून मनाला पटतं, की हे घडून गेलं, आता घडत नाहीये.

बँकेच्या भाषेत सांगायचं, तर ही रक्कम सस्पेन्स खात्यात अडकलेली असते. ती खोडता येत नाही, पण योग्य खात्यात टाकता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही अमेरिकन सैनिकांना हेडसेट लावून, तर काहींना हेडसेटशिवाय नुसती आठवण सांगायला लावून उपचार दिले. दोन्हींनी गुण आला, पण हेडसेट वरचढ ठरला नाही. म्हणजे खरं औषध त्या यंत्रात नाही. प्रशिक्षित माणसासमोर, सुरक्षित जागी, मोकळं बोलण्यात ते आहे. म्हणून नातवाचा गेमचा हेडसेट लावून घरी प्रयोग मात्र करू नका, त्यानं त्रास वाढू शकतो.

उपचारासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा क्रमांक आहे १४४१६. तो सर्व नागरिकांसाठीही खुला आहे. आपल्या सूचनाफलकावर लावायला हरकत नाही.

आणि आपल्या हातातलं एक काम. दिवाळीत मोठे बार उडवण्याची वेळ आणि जागा आधी ठरवून सर्वांना कळवूया. आवाज येणार हे ठाऊक असलं की माणूस सावध राहतो. शेजारचे काका दार लावून बसले, तर 'शिष्ट आहेत' म्हणू नका. चहाला बोलवा. युद्धाचं विचारू नका, पण ते बोलू लागले तर मध्ये न तोडता ऐका.

पंचवीस वर्षं आपण पाणी, पार्किंग आणि लिफ्ट सांभाळली. आता एकमेकांची मनंही सांभाळूया.

जय हिंद!