झेड ड्राइव्ह आणि तीन ओळी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संगणकाचा वर्ग झाला, प्रमाणपत्र मिळाले, आता नोकरीत काय अडचण, असे पुष्कळ पालक विचारतात. अडचण पहिल्या आठवड्यातच येते. त्यातली एक आज सांगतो.

समजा, हिंगोलीच्या एका अडत दुकानात आपली मुलगी हिशेब लिहिते. खतावणी तिच्या संगणकात नसते. ती आतल्या खोलीतील मुख्य संगणकात असते आणि तिच्या पडद्यावर 'झेड' नावाच्या कप्प्यासारखी दिसते. यालाच मॅप केलेला ड्राइव्ह म्हणतात. एके सकाळी त्या कप्प्यावर लाल फुली! बाहेर वसमत, कळमनुरीकडून आलेली हळद उभी, शेतकरी पट्टी मागतो आहे. ती घाईने आपल्याच संगणकात नवी फाइल करून आकडे लिहिते. संध्याकाळी खतावण्या दोन, मेळ एकीचाही नाही, आणि बोल लागतो मुलीला. नवख्यालाच लागतो, हे आपण जाणताच.

वास्तविक दोष तिचा नाही. विंडोज सुरू होताच जुन्या जोडण्या जुळवू पाहते. पण पुष्कळदा तोवर वाय-फाय आलेलेच नसते. २०१८ साली निघालेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीतील अशीच अडचण मायक्रोसॉफ्टने मान्य केली आणि तोडगा म्हणून छोटी स्क्रिप्ट दिली.

आपली त्याहून साधी. नोटपॅडमध्ये तीन आज्ञा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. पहिली 'टाइमआउट': तीस सेकंद थांब. दुसरी 'नेट यूज', पुढे झेड आणि 'डिलीट': तुटलेली जोडणी काढून टाक. तिसरी पुन्हा 'नेट यूज', पुढे झेड, मुख्य संगणकाचे नाव व फोल्डरचे नाव: नव्याने जोड. फाइलच्या नावाशेवटी 'डॉट बॅट' लिहून ती स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली की रोज लॉगिन होताच आपोआप चालते. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून मात्र चालवू नका. जोडणी होते, पण नेहमीच्या खिडकीत कप्पा दिसत नाही. यात मी स्वतः एक दुपार घालवली आहे!

पासवर्ड त्या फाइलमध्ये कदापि लिहू नये. ती कोणीही उघडून वाचू शकतो. मालकांना आधी विचारावे. आणि झेडमधील खतावणी उघडी असताना ही फाइल चालवू नये.

एवढे करूनही फुली राहिली, तर त्या दिवशीचे आकडे कागदावर लिहा. दुसरी खतावणी उघडू नका.