एकाच नावाचे किती साप?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सर्पमित्रांनो,

भद्रावतीत सापांविषयी बोलायचे तर आधी नागाला नमस्कार करावा लागतो. इथे भद्रनागाचे देऊळ आहे, आणि जैन मंदिरात पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागफणा आहे. तो नमस्कार करून मी ज्यांना ना फणा ना देऊळ, अशा दोघांकडे वळतो. एक घोणस, म्हणजे आपल्याकडची परड. दुसरे फुरसे.

फुरशापासून सुरुवात करतो, कारण त्याचा पसारा थक्क करणारा आहे. श्नायडरने १८०१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. श्रीलंकेपासून मध्य आशियाच्या वाळवंटांपर्यंत ते पसरले आहे, आणि जुन्या वर्गीकरणात त्याच्या पाच उपजाती मोजतात. दख्खनच्या द्वीपकल्पातले, म्हणजे आपले, फुरसे साधारण फूटभर लांबीचे. राजस्थानापासून पाकिस्तान, इराण, ओमानपर्यंतची उपजात १९६९ मध्ये श्टेमलरने वेगळी काढली आणि ऑस्ट्रियाच्या सोखुरेक यांचे नाव तिला दिले. ती दोन फुटांपर्यंत, कधी त्याहूनही मोठी होते. श्रीलंकेची एक वेगळी, तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तानकडची एक वेगळी, आणि मकरान किनाऱ्यासमोरच्या अस्तोला नावाच्या एवढ्याशा बेटावरची आणखी एक. अंगाच्या बाजूचे तिरपे, करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून खरखर करण्याची तऱ्हा मात्र सगळ्यांची सारखीच.

हे भेद अभ्यासकांच्या हौसेपुरते असते तर तुमचा वेळ घेतला नसता. आपल्या दवाखान्यांत मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेली आहे. ते विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ पासून काम करते, आणि तिचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण तिथले फुरसे द्वीपकल्पातले. पश्चिम राजस्थानात उत्तरेकडच्या मोठ्या फुरशाने चावलेल्या रुग्णांना ही लस अपुरी पडते, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. औषधाच्या वेष्टनावर नाव बरोबर, रुग्णाच्या पायावर चावणाऱ्याचे नावही बरोबर, आणि तरी दोघांची गाठ पडत नाही.

आता घोणशीकडे येतो. पॅट्रिक रसेल यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा ग्रंथ १७९६ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी या सापाला त्यांचे नाव मिळाले. आपली वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून त्याच किनाऱ्याकडे जाते, एवढे आपले नाते जुने आहे. पुढे घोणशीच्याही उपजाती पाडल्या गेल्या. श्रीलंकेची, उत्तर भारताची, सयामची, तैवानची, जावाची. मला यात सर्वांत नवल वाटते ते नकाशाचे. म्यानमार आणि थायलंडमध्ये घोणस आहे, मलाया आणि सुमात्रात नाही, आणि पूर्व जावात, फ्लोरेसवर पुन्हा आहे. दाट ओल्या अरण्यात तिला करमत नाही. हिमयुगात समुद्र उतरला तेव्हा उघड्या पडलेल्या कोरड्या प्रदेशातून ती तिकडे गेली असावी, असा तर्क आहे.

पूर्वेकडच्या घोणशीच्या पाठीवर ठिपक्यांच्या ठळक रांगांच्या मधे बारीक ठिपक्यांच्या जादा रांगा असतात. २००७ मध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. आपल्या बाजूच्या उपजातींची नावे मात्र बरीचशी पुसली गेली, आणि ते ठीकच झाले. रंग आणि ठिपके पाहून उपजात काढण्याची घाई एकेकाळी फार झाली. खवल्यांची संख्यासुद्धा सर्वस्वी वंशावर ठरत नाही, गाभण मादीला मिळालेल्या उबेचाही तिच्यावर परिणाम होतो.

पण नाव पुसल्याने फरक पुसला जात नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी देशभरातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विषाचा गुण तिथल्या तापमानाशी आणि पावसाशी जोडलेला आढळला. प्रथिने तोडणारी विकरे कोरड्या मुलखातल्या विषात अधिक तीव्र निघाली. आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला वरोऱ्याची काळी, कपाशीची जमीन. पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे गेले की पाऊस वाढतो, बांध्या लागतात, झाडीपट्टी सुरू होते. परड दोन्हीकडे आहे. ती दोन्हीकडे एकच आहे का, हे विचारण्याइतका हा भूगोल बोलका आहे.

इथे माझी तुमच्याविषयी एक तक्रार आहे, ती ऐकून घ्या. वरोऱ्याच्या एखाद्या घरात पकडलेली परड गाडीत घालून ताडोब्याच्या बाजूला सोडून येणे, यात आपल्याला पुण्य वाटते. सापाला तो परका मुलूख झेपेल का, हा एक प्रश्न. अभ्यासाचे नुकसान त्याहून वेगळे. उद्या तिथे कोणी घोणस मोजली, तर ती कुठली म्हणायची? ठिकाण हरवलेला साप भूगोलाच्या दृष्टीने निकामी झाला. वनखात्याला कळवावे आणि पकडला त्याच शिवारात, वस्तीपासून सुरक्षित जागी तो सोडावा. तेवढी माणसांची समजूत काढणे हेच आपल्या कामातले अवघड अंग आहे, साप पकडणे सोपे.

आणि मोजणीसाठी जिवंत घोणस हातात धरण्याची गरज नाही, कृपा करून कोणी धरू नका. कात पुरते. कात ताणली जाते, म्हणून तिची लांबी फसवी. पण पोटाखालच्या आडव्या पट्ट्या जन्मापासून तेवढ्याच राहतात. घोणशीत त्या साधारण १५३ ते १८० असतात. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा २७ ते ३३. वरोऱ्याची कात आणि ब्रह्मपुरीची कात शेजारी ठेवली, तर या आकड्यांत कोण कुठे बसते ते शाळेतले मूलही मोजू शकेल. सोबत गावाचे नाव, तारीख, शेतात कोणते पीक होते, एवढे लिहिले की नोंद पूर्ण. रस्त्यावर मेलेला सापही असाच मोलाचा असतो, त्याचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा.

दुपारच्या सत्रात माझे आणखी एक भाषण छापलेले आहे. ते मी देणार नाही. त्या वेळात तुम्ही आणलेल्या काती टेबलांवर पसरू. वरोरा-भद्रावती डावीकडे, मूल-ब्रह्मपुरी मधे, गडचिरोली उजवीकडे. भिंगे आयोजकांकडे आहेत, जेवणानंतर लगेच बसू.