छडीवाचून शाळा



छडीवाचून विद्या येत नाही, असे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. लंडनच्या इझलिंग्टन भागात १९६० साली रायझिंगहिल ही शाळा निघाली. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडायची नाहीत, हुशार-मठ्ठ सर्वांनी एकत्रच शिकावयाचे, हे तिचे तत्त्व. मुख्याध्यापक मायकेल ड्युएन यांनी तेथे छडी बंद केली. सायप्रसहून आलेली ग्रीक आणि तुर्की मुलेही शेजारी बसून शिकली. तपासनिसांना मात्र शिस्त ढिली दिसली. पालकांचा विरोध असतानाही १९६५ साली शाळा बंद झाली. कोयीपासून लावलेल्या आंब्याला मोहर येण्यासही पुष्कळदा पाच वर्षे पुरत नाहीत. मग माणूस घडविणाऱ्या शाळेला आपण किती वर्षे द्यावीत?