काँक्रिटातून उजेड



वर्धापनदिनी दोन शब्द बोला म्हणाले. आम्ही गिरणीतली माणसं, सुताचंच बोलणार.

हंगेरी देशात कोमारोम गावी जुन्या किल्ल्याच्या दाराशी ४ मीटर उंच शिल्प आहे. २००४ साली तो देश युरोपीय संघात गेला, त्याची ती आठवण. आहे काँक्रिटचं, पण उजेड आरपार येतो! आरोन लोशोन्त्सी या वास्तुविशारदानं २००१ साली ही युक्ती काढली. बारीक काँक्रिटच्या थरांत काचेचे हजारो तंतू ताण्याच्या धाग्यांसारखे शेजारी-शेजारी अंथरायचे, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. तंतू शेकडा ४ च. भार काँक्रिटच पेलतं. गिरणीत तुटलेला धागा आम्ही सांधत होतो. इथं तंतू मधे तुटला, की त्याचा उजेड तिथंच थांबला.

वाशीमलाही आपण स्मारकाच्या गोष्टी करतो. किती फूट उंच, एवढंच विचारतो. पलीकडं अभ्यासाला बसलेल्या पोरीच्या वहीवर उजेड पडेल का, हेही विचारा. आणि वस्तीतलं एकही पोर शाळेतून मधेच तुटू देऊ नका. त्याच्यापुरता उजेड तिथंच थांबतो.