हृदयाचा बंदिखाना



दिंडीच्या शंभराव्या वर्षी दोन शब्द बोलायची आज्ञा झाली. आमच्या या घोडबंदर रोडला आता हरिपाठ ऐकू येतो तसंच रविवारी शेजाऱ्यांच्या प्रार्थनेचं गाणंही कानी येतं. ते लोक हृदयाला काय काय म्हणतात, ते ऐकावं. मग आपल्या संतांचं बोलणं जास्त उमगतं.

विलायतेत मेथडिस्ट पंथ जॉन आणि चार्ल्स वेस्ली या भावांनी उभा केला. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या एका सभेत आपल्या हृदयाला अनोखी ऊब आल्याचं जॉननी लिहून ठेवलंय. चार्ल्सनी हजारो गीतं रचली. एका गीतात त्यांचा जीव अंधारकोठडीत साखळदंडांनी जखडलेला आहे. देवाचा प्रकाश येतो, बेड्या गळून पडतात, हृदय मोकळं होतं. दुसऱ्या गीतात हृदय म्हणजे वेदी. तिच्यावर देवानं पेटवलेला अग्नी विझू द्यायचा नाही.

आपल्याकडे ज्ञानोबारायांनी पंधराव्या अध्यायाच्या आरंभी हृदयाचा चौरंग मांडला आणि त्यावर श्रीगुरूंची पावलं बसवली. जनाबाईंनी तर कमालच केली. त्यांनीही हृदयाला बंदिखाना म्हटलं, पण आत कोंडला तो विठ्ठलाला! तिकडे देव कैद्याला सोडवतो. इथे दासी देवालाच कैद करते आणि सोडत नाही. गोष्ट उलटी दिसते, पण दोन्हीकडे भेट हृदयातच होते.

या दोन वाटा जोडणारे आपल्या महाराष्ट्रातले कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही.

हे आज सांगायचं कारण आहे. आपल्या दिंडीतल्या कित्येकांचे गुडघे आता पंढरीपर्यंत साथ देत नाहीत. पोरांना रात्रपाळीतून रजा मिळत नाही. आषाढीला दिंडी निघाली की मागे राहिलेल्यांचे डोळे भरतात, ‘आमची वारी चुकली’ म्हणतात. त्यांनी जनाबाईंकडे पाहावं. नामदेवांच्या घरचं दळणकांडण त्यांना कुठे सुटलं होतं? जात्याशी बसूनच त्यांनी विठ्ठल धरला.

पाय चालतात तोवर चालावं, माउली. थकले तरी विठ्ठलाला आतून सोडू नये.

राम कृष्ण हरी!