शर्यतीची गाडी आणि तिची खतावणी

(संस्थेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आपल्या शिष्यवृत्ती समितीकडे येणाऱ्या अर्जांत अलीकडे एक नवी नोंद दिसू लागली आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'इतर कार्य' या सदरात 'महाविद्यालयाच्या रेसिंग टीमचा सभासद' असे लिहितात, आणि ते वाचून समितीवरील वडीलधारी मंडळी विचारात पडतात. अभ्यास सोडून मुले मोटारी पळवितात की काय, अशी शंका त्यांना येते. आम्ही स्वतः अशा एका संघाचे व्यवस्थापक होतो. गाडीच्या एका चाकाचा नटही आम्ही कधी आवळला नाही. तरी त्या गाडीने आम्हांस जे शिकविले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम ही स्पर्धा काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. विद्यार्थ्यांनी एका माणसाची लहानशी शर्यतीची गाडी स्वतः आखावी, स्वतः बांधावी व स्वतः चालवावी, ही कल्पना अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेची. 'फॉर्म्युला एसएई' या नावाने ती १९८१ साली टेक्सासमध्ये सुरू झाली. १९९८ साली ब्रिटनमध्ये 'फॉर्म्युला स्टुडंट' सुरू झाली, २००६ पासून जर्मनीत ती होऊ लागली, आणि पुढे आपल्या देशातही अशा स्पर्धा रुजल्या. इंजिन ७१० घनसेंटिमीटरपर्यंतचे असावे आणि पेट्रोलच्या इंजिनाने लागणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातूनच घ्यावी, असे नियम आहेत. आपल्याकडील पुष्कळ संघ आपल्याच चाकणला बनणाऱ्या ३७३ घनसेंटिमीटरच्या मोटारसायकलीचे इंजिन घेतात. गाडी मैदानात जाण्यापूर्वी तिची कसून तपासणी होते. तिला ६० अंशांत कलती करून तेल किंवा पाणी गळते काय ते पाहतात. ब्रेक दाबताच चारही चाके एकदम जखडली पाहिजेत. चालकाने पाच सेकंदांत गाडीबाहेर आले पाहिजे. तेव्हा ही बेफाम मोटारी पळविणाऱ्यांची स्पर्धा नव्हे, हे आपल्या ध्यानी येईल.

आता मुद्द्याकडे वळतो. स्पर्धेच्या एकूण एक हजार गुणांपैकी ३२५ गुण गाडी जागची न हलता मिळावयाचे असतात. आराखड्याच्या समर्थनाला १५०, खर्चाच्या तपशिलाला १०० आणि व्यापारी योजनेला ७५. खर्चाचा तपशील म्हणजे वॉशर आणि खिळ्यांपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी, ती कशी बनविली आणि तिला काय पडले याचा हिशेब. व्यापारी योजनेत परीक्षकांना भांडवल गुंतविणारे गृहस्थ समजून, ही गाडी विकावयास काढल्यास पैसा कसा परत येईल, हे पटवून द्यावे लागते. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश स्पर्धा लेथ आणि वेल्डिंगपासून दूर, टेबलाशी बसून लढली जाते. आणि जे काम गुणांत मोजलेच जात नाही, ते याहूनही मोठे आहे.

पहिले काम पैशाचे. गाडीस कित्येक लाख रुपये लागतात; महाविद्यालय त्यांतील थोडा भाग देते, उरलेला मुलांनी जमवावयाचा असतो. या सभेत ज्यांनी आपल्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा केल्या आहेत, त्यांना या कामाची कल्पना देण्याची गरज नाही. चार वेळा जावे तेव्हा शेटजी भेटतात, आणि भेटले की पुढच्या आठवड्यात या म्हणतात! आरंभी आम्ही कारखानदारांपुढे इंजिनाच्या शक्तीचे आकडे वाचीत असू व हात हलवीत परत येत असू. पुढे एका लहान वर्कशॉपच्या वृद्ध मालकांनी आम्हांस थांबवून विचारले, "मुलांनो, तुम्हांला माझ्याकडून नक्की काय हवे?" आम्ही पैसे म्हटले. ते म्हणाले, "पैसे नाहीत. पण दुसऱ्या पाळीनंतर मशिन मोकळे असते." त्या मशिनवर आमच्या गाडीचे कितीतरी भाग झाले. मागावयाचे ते समोरच्याच्या घरी काय आहे हे पाहून मागावे, हा धडा आम्हांस तेथे मिळाला.

दुसरे काम हिशेबाचे. वीस-पंचवीस मुले, प्रत्येकाच्या खिशातून दहा ठिकाणी खर्च, कोणाकडे पावती आहे, कोणाची धुतलेल्या शर्टात गेली. उचल घेणाऱ्याने आठ दिवसांत पावत्या द्याव्यात, नाही तर पुढची उचल मिळणार नाही, असा नियम आम्ही केला. तो जिवलग मित्रांनाही लावला, आणि काही दिवस आमच्याशी कोणी चहाला येईना. परंतु वर्षअखेर ज्या-ज्या देणगीदारास आम्ही कीर्द-खतावणी दाखविली, त्यांतील बहुतेकांनी दुसऱ्या वर्षी न मागता मदत केली.

आता आमच्या चुका सांगितल्या पाहिजेत. नाही तर हे भाषण आत्मस्तुती ठरेल.

२०१९ च्या जानेवारीत आमची गाडी 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी पुणे जिल्ह्यातून कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेकडे निघाली. अंतर हजार किलोमीटरहून अधिक. गाडी मालमोटारीत चढली, नारळ फुटला, आम्ही रेल्वेने पुढे गेलो. वाटेत तपासणी पथकाने मालमोटार थांबविली. मालाबरोबर द्यावयाचे चलन आणि ई-वे बिल आम्ही केलेच नव्हते. महाविद्यालयाचे एक पत्र तेवढे चालकाच्या खिशात होते. आदल्या वर्षीच्या व्यवस्थापकाने ही कागदपत्रे बिनचूक केली होती; पण ती कशी केली हे त्याच्या डोक्यात होते, आणि तो नोकरीसाठी परगावी गेला होता. आम्ही त्यास विचारले नाही, त्याने लिहून ठेवले नाही. दीड दिवस गेला. तपासणीच्या रांगेत आमचा क्रमांक मागे पडला, आणि ब्रेकची चाचणी पार पडेतो दोन शर्यती संपूनही गेल्या होत्या. शेवटच्या दिवशी सुमारे २२ किलोमीटरची दीर्घ पल्ल्याची शर्यत होती. मध्ये चालक बदलून गाडीने ती पुरी केली. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आम्ही मात्र बाजूस उभे राहिलो. कारण गाडीत काही उणे नव्हते हे त्या क्षणी सिद्ध झाले होते, आणि उणे कोठे होते ते आम्हांस ठाऊक होते.

दुसरी चूक याहून गंभीर. संघातील सांगाड्याचे वेल्डिंग करणारा मुलगा अत्यंत कसबी होता. काम मागे पडले की आम्ही त्यालाच थांबवीत असू. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो थांबे. नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नव्हते. सत्राच्या निकालात त्यास दोन विषयांत केटी लागली. त्याचे वडील महाविद्यालयात आले. ते रागावले नाहीत. कार्यशाळेत जाऊन त्यांनी गाडी नीट पाहिली, सांगाड्यावरून हात फिरविला आणि आम्हांस म्हणाले, "काम सुंदर झाले आहे. पण गाडी तुमची, आणि वर्ष माझ्या मुलाचे गेले असते." आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कामाचा तक्ता भिंतीवरून उतरविला व नवा लावला. त्यात प्रथम प्रत्येकाच्या परीक्षांच्या तारखा मांडल्या आणि उरलेल्या दिवसांत गाडी बसविली. गाडीतील दोन-तीन नव्या कल्पना त्यापायी सोडून द्याव्या लागल्या. त्या मुलाने पुढच्या सत्रात दोन्ही विषय सोडविले.

मित्रहो, अशा संघाचे आयुष्य विचित्र असते. दरवर्षी उन्हाळ्यात त्यातील जाणती मुले पदवी घेऊन निघून जातात आणि पावसाळ्यात अजाण मुले येतात. लोखंडाचा सांगाडा मागे राहतो. शहाणपण मात्र माणसांबरोबर जाते. म्हणून पद सोडण्यापूर्वीचा शेवटचा महिना आम्ही एक जाड वही लिहिण्यात घालविला. कोणत्या कागदास कोणाची सही लागते, नियमपुस्तिकेप्रमाणे कोणती माहिती किती तारखेस पाठवावयाची आणि उशीर झाल्यास गुण कसे कापले जातात, कोणते दुकानदार उधारी देतात, मालमोटारीबरोबर कोणती पत्रे द्यावयाची, हे सर्व तीत आहे. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही आमची ई-वे बिलाची चूकच लिहिली. ती वही पुढच्या व्यवस्थापिकेने वाचली, वाढविली आणि तिच्यामागून येणाऱ्याच्या हाती दिली, हे कळल्यावर आम्हांस जो आनंद झाला तो कोणत्याही ढालीने झाला नसता.

आपल्या संस्थेस हे नवीन नाही. जुन्या कार्यवाहांनी इतिवृत्ते व जमाखर्च जपून ठेवले, म्हणूनच आजचे कार्यकारी मंडळ त्यांवर उभे आहे.

शेवटी तीन विनंत्या करतो. पालकांस विनंती अशी की, मुलास किंवा मुलीस अशा संघात जाऊ द्यावे. परंतु परीक्षेच्या तारखा संघाच्या तक्त्यात आहेत की नाहीत, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे. शिष्यवृत्ती समितीस विनंती अशी की, अर्जात 'हिशेब पाहिले', 'पत्रव्यवहार केला' असे कोणी लिहिले असल्यास ते इंजिन जोडण्याइतकेच मोलाचे मानावे. आणि आपल्यांतील वाहतूक, हिशेबतपासणी, छपाई व यंत्रकाम यांत मुरलेल्या ज्येष्ठांस विनंती अशी की, देणगी शक्य नसेल तर महिन्यातील एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. आम्हांस त्या वर्षी असा एखादा काका भेटता, तर आमची मालमोटार वाटेत अडकती ना.