ज्याच्या दुःखाला नातं नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, म्हातारपण आणि एकटेपणा यावर बोलतो. सगळ्यांना बरं वाटलं. पण म्हाताऱ्यांतल्या कोणत्या माणसांवर बोलणार, ते आता सांगतो. ऐकायला अवघड वाटलं तर थोडी कळ सोसा. काही पुरुषांना पुरुषाचीच ओढ असते. त्यांना आजच्या मराठीत समलिंगी म्हणतात. काहींना बाई आणि पुरुष दोघांचीही ओढ असते, त्यांना उभयलिंगी म्हणतात. आपल्या गल्लीत त्यांच्यासाठी काय काय शब्द वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहे, मी या व्यासपीठावरून ते उच्चारणार नाही. ही माणसं तरुणपणी कशीबशी निभावून नेतात. साठीनंतर त्यांचं काय होतं, हा माझा विषय आहे.

कोणी म्हणेल, विहारात हा विषय कशाला? त्याला माझं उत्तर असं. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवत होते. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहीत, वाचकांच्या शंकांना उत्तरं देत. समलिंगी आकर्षणाचे प्रश्नही त्यात असत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबईच्या न्यायालयात त्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं? बाबासाहेबांनी. तेव्हा बाबासाहेबांच्या डोक्यावर कामं काय कमी होती? गोलमेज परिषदा नुकत्याच झालेल्या, पुणे करार झालेला. तरी त्यांनी हा बदनामीचा खटला अंगावर घेतला, आणि असे प्रश्न विचारणं आणि त्यांना उत्तर देणं यात अश्लील काही नाही, अशी बाजू मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या विषयाला बाबासाहेब लाजले नाहीत, त्याला आपण नव्वद वर्षांनी लाजायचं का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता कायद्याचं थोडक्यात. 1860 च्या दंड संहितेत 377 नावाचं कलम इंग्रजांनी घातलं. त्यामुळे दोन सज्ञान पुरुषांची राजीखुशीची जवळीकही गुन्हा ठरत होती. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो गुन्हा नाही असं सांगितलं, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की हा गुन्हा नाही. त्या निकालात 'संविधानिक नीती' हा शब्द वारंवार येतो. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी जो मुद्दा मांडला होता, तोच तो.

पण हिशोब करून बघा. 1953 साली जन्मलेला माणूस 2018 ला पासष्ट वर्षांचा होता. अठराव्या वर्षापासून मोजलं तर सत्तेचाळीस वर्षं तो मनातल्या मनात गुन्हेगार म्हणून जगला. त्या वयात मन मोकळं करायची सवयच राहत नाही. आजची मुलं फोनवर आपल्यासारखी माणसं शोधतात, मोर्चे काढतात, आनंद आहे. या माणसाला त्याच्या तारुण्यात त्याच्या जातीचं दुसरं कोणी जगात आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. ('जातीचं' म्हणालो, कारण बहिष्काराची कळ कशी असते ते आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.) न्यायालयाने दार उघडलं तेव्हा बाहेर पडायला पायात बळ उरलेलं नव्हतं.

एक खरं उदाहरण सांगतो. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कवी होते, 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. वय साठीच्या पुढे, निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले, बायकोपासून वेगळे झालेले, एकटे राहत. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषाबरोबर त्यांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठाने ज्याच्या घरात घुसले त्यालाच निलंबित केलं. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. 1 एप्रिलला न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. आत्महत्या की घातपात, ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. पुढे त्यांच्यावर 'अलीगढ' नावाचा हिंदी सिनेमा निघाला, तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. मला त्या गोष्टीत एकच बोचतं. कोर्टाचा आदेश हातात असलेला, शिकलेला, पगारदार माणूस. जिंकल्यावर सहा दिवसांनी त्याचं दार वाजवून 'सर, जेवलात का' विचारणारं कोणी होतं का?

तुम्ही म्हणाल, ते प्राध्यापक, लांब अलीगढला. बरं, मग आपल्याकडे या. आपल्या सातारा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गिरणीत गेली. माझे वडीलही त्यातलेच. परळ-लालबागला एका खोलीत वीस-वीस गडी, एकाची पाळी सुटली की दुसरा त्याच वळकटीवर आडवा. बायका गावाकडे. त्या गर्दीत काहींना मनाचा सोबती मिळाला असेल. मिळालाच असणार, माणसं आहेत. खोलीत कोणाचं कोणाशी किती जमतं हे बघायला कोणाला फुरसत नव्हती, आणि त्या न बघण्यातच त्यांचा आडोसा होता. 18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. खोल्या मोडल्या, माणसं ट्रंक उचलून गावाला परतली. एक खंडाळा तालुक्यात, दुसरा कोकणात. संपाने संसार मोडले, त्याचं पुष्कळ लिहून झालं. पण ज्यांना संसार म्हणायची सोयच नव्हती, त्यांचं मोडलेलं कोणी मोजलं? संपाच्या वेळी जो पंचवीसचा होता, तो आज सत्तरीला टेकला किंवा ओलांडून गेला. पडवीत खाट टाकून बसलेल्या एखाद्या आजोबांना बघितलं की माझ्या मनात हे येतं.

मी स्वतः सूतगिरणीत काढली. आमच्या रिंग खात्यात दोघं होते. एक लग्नाचा, एक बिनलग्नाचा. गाव-नाव सांगणार नाही. पाळी एक, डबा एक, सायकलही एक. पाळी बदलली तर दोघं मिळून जॉबरच्या मागे लागून ती परत जुळवून घ्यायचे. वीस-बावीस वर्षं असं चाललं. त्यांचं काय नातं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पैकी लग्नाचा होता तो हृदयविकाराने गेला. जलदान विधीला आम्ही खात्यातले सगळे गेलो. विधवेजवळ बायका बसलेल्या, मुलाच्या खांद्यावर पाहुणे हात ठेवत होते, मेहुणा सगळ्यांना पुढे बसवत होता. आणि हा दुसरा दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कोणी गेलं नाही, कारण तो त्या घराचा कोणीच नव्हता. शेवटी तो उठला आणि पत्रावळ्या गोळा करायला लागला. काम केलं तर तिथे थांबायला कारण मिळतं ना.

पुढे त्याचा डबा बंद झाला. वजन उतरलं. रात्रपाळी मागून घ्यायला लागला, घरी झोप येत नाही म्हणून. डॉक्टरने रक्तदाबाची गोळी दिली. बायको मेली असती तर लोक म्हणाले असते, गड्याने मनाला लावून घेतलं. इथे मनाला लावून घ्यायचासुद्धा हक्क नव्हता.

बंधूंनो, मी वाचून आणि बघून जे शिकलो ते एवढंच, की या माणसांचं दुखणं त्यांच्या ओढीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असंही कळवलं की ही ओढ 'बदलून देतो' म्हणणारे उपचार हे डॉक्टराचं गैरवर्तन आहे. तेव्हा कोणी बाबा-बुवा किंवा डॉक्टर पैसे घेऊन 'सरळ करून देतो' म्हणाला तर त्याच्या पायऱ्या चढू नका. दुखणं येतं ते लपवण्यातून. चाळीस वर्षं प्रत्येक वाक्य तोलून बोलायचं, एका माणसाचं नाव घरात घ्यायचं नाही, तो मेला तरी घ्यायचं नाही. याने माणूस आतून पोकळ होतो.

आणि यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय काय? लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. याने एकाच्या जागी दोन माणसं एकटी होतात. आयाबहिणींनो, तुम्ही हे जास्त जाणता. नवरा मारत नाही, पितही नाही, पण जवळही येत नाही, आणि ती बाई जन्मभर दोष स्वतःत शोधते. हे लग्न कोणी ठरवलं? आई-बापाने, मामाने, मध्यस्थाने. त्या दोघांना कोणी विचारलं नाही. पोरगा चार स्थळं नाकारतो, कोंडल्यासारखा होतो, तेव्हा त्याला दरडावण्याआधी एकट्याला बाजूला घेऊन विचारा. न सांगता नुसता रडला तरी पाचवं स्थळ दाखवू नका.

म्हातारपणी उदासी ओळखू येत नाही. तरुण माणूस रडतो, म्हातारा म्हणतो कंबर दुखते. भूक नाही, पहाटे तीनला जाग, नातवंडांचा आवाज नकोसा, विहारात येणं बंद, गुत्त्यावर जाणं सुरू. आपण म्हणतो, वय झालं. वयाने गुडघे दुखतात, जगणं नकोसं होत नाही. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, तिथे न्यावं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की लैंगिक कल पाहून उपचारात भेदभाव करता येणार नाही. त्याच कायद्यात एक फार उपयोगी कलम आहे: उपचाराच्या वेळी आपल्या वतीने कोण बोलणार, ते सज्ञान माणूस साध्या कागदावर सही-अंगठा करून ठरवू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. मित्र चालतो.

कागदाचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो प्रश्न संसदेवर सोडला. म्हणजे जोडीदाराला वारसाहक्क आपोआप मिळत नाही, मृत्युपत्र करावंच लागतं. मात्र ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत एकत्र खातं काढता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात मिळावं, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं. ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. पुतण्या जमीन घेणार असेल तर त्याला काकाला सांभाळावंही लागेल, नाहीतर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आपल्याकडे बिनलग्नाच्या काकाचा वाटा सगळ्यांना आठवतो, काकाचं जेवण कोणाकडे हे पंधरवड्याला बदलतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट 2002 पासून या विषयात काम करत आली. समपथिकचे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत लिहिलेली पुस्तकं आपल्यासारख्या साध्या वाचकालाही कळतात. इकडे सांगलीला 'संग्राम' संस्था आहे. पण सत्तर वर्षांचा माणूस लोणंदहून रेल्वेने पुण्याला मन मोकळं करायला जाईल, असं मला वाटत नाही. त्याला चालत जाता येईल अशी जागा पाहिजे. अशी जागा आपण बांधून ठेवली आहे, आज तिचाच वर्धापनदिन आहे.

विनयपिटकातली आजारी भिक्षूची गोष्ट भन्तेजींनी आपल्याला सांगितली आहे. हगवणीने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्षू जवळ जात नव्हते, कारण विचारलं तर म्हणाले, तो आमच्या काही उपयोगी पडत नाही. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून मंचकावर ठेवलं. तो कोण, कसा, त्याने काय केलं, याची चौकशी आधी झाली नाही.

म्हणून समितीपुढे माझ्या तीन-चार साध्या मागण्या आहेत. कोणाला उभं करून 'तू तसा आहेस का' असं विचारायचं नाही, ही पहिली. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल, नसेल तर तो नुसता एकटा म्हातारा म्हणूनही आपलाच आहे. दुसरी, वस्तीत जे एकटे राहतात त्यांच्याकडे रविवारच्या वंदनेनंतर दोघांनी जावं, अर्धा तास बसावं, पत्ते खेळावेत, काहीही. लग्नात वाढपी म्हणून त्यांना सगळ्यांत आधी बोलावतो, तसं एखाद्या दिवशी जेवायलाही बोलवावं. तिसरी, जलदान विधीला मयताचा जिवाभावाचा मित्र असेल तर त्याला कुटुंबाच्या रांगेत बसवावं, आणि दोन शब्द बोलायला उभं करावं. त्याला खर्च नाही, सतरंजी तीच आहे.

आणि शेवटची. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. रात्री-अपरात्री फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर 14416. तो विहाराच्या बाहेर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, अंधुक नजरेच्या माणसाला दिसेल एवढ्या मोठ्या आकड्यांत रंगवून घ्यावा. रंगाचा डबा मी देतो.

जय भीम. जय भारत.